पेवात उतरण्याआधी : एका गेमच्या प्रसिद्धीच्या नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातलं आमचं ‘कमिंग सून’ पान आज दुपारी लोकांना दिसायला लागलं. गेमचं नाव ‘पेव : हरिपूर’. दादाला नुसतं ‘पेव’च हवं होतं. पण स्टीमच्या शोधात तीन रोमन अक्षरं टाकली की भलत्याच खेळांची जत्रा समोर येते, आणि गावाचं नाव जोडलं की आपण एकटेच उरतो. नाव सुटसुटीत राहिलं नाही, पण सापडतं. दादा अजून फुगलेला आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे हळद साठवायची ती जमिनीत खोदलेल्या पेवांत. तोंड अरुंद, आत पोट मोठं. वर्षानुवर्षं माल टिकायचा. २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि तो सगळा व्यवहारच मोडकळीला आला. आमच्या गेममध्ये अशाच एका पेवात उतरायचं आहे. उतरण्याआधी कंदील खाली सोडायचा. विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही, थांबायचं. जळत राहिला तर पाय टाकायचा. बाकी मग कोडी, सावल्या, आणि खाली सापडणारी जुन्या हिशेबाची पानं. कोड दादाचा, चित्रं माझी, आवाज मिरजेच्या मैत्रिणीचे. प्रसिद्धीचं काम कुणालाच नको होतं, म्हणून तेही माझ्याकडे.

स्टीमला प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. विक्री हजार डॉलरच्या पुढे गेली की ते परत मिळतात. तेवढे भरल्यावर प्रसिद्धीसाठी खिशात उरलं आहे ते चहा-भडंगापुरतं. म्हणजे जे करायचं ते सोशल मीडियावर, फुकटात.

मोजायचं एकच : विशलिस्ट, म्हणजे ‘हा गेम घ्यायचाय’ म्हणून माणूस स्टीमवर ठेवतो ती यादी. माणसाने गेम विशलिस्टमध्ये टाकला की तो बाहेर पडल्याच्या दिवशी स्टीम स्वतःहून त्याला मेल पाठवतं. पुढे कधी २० टक्के किंवा जास्त सूट दिली तरी पाठवतं. लाईक, शेअर, फॉलोअर हे सगळं दुसऱ्याच्या घरातलं. विशलिस्ट तेवढी आपल्या कामाची.

८ जुलै, मंगळवार

कॅप्सूल म्हणजे दुकानाच्या यादीत दिसणारं आपलं छोटं चित्र. आज सबंध दिवस त्यातच गेला. स्टीमचा नियम सरळ आहे : चित्र आणि गेमचं नाव, बाकी एक अक्षर नको. पुरस्कार नाही, कुणाची वाहवा नाही, ‘लवकरच’ नाही.

मोठ्या आकारात मी नाव देवनागरीत रेखाटलं होतं. जाड शिरोरेषा, तिच्याखाली ‘पे’चं पोट खाली लोंबून दोरीसारखं गेलेलं, टोकाला कंदील. भिंतीवर लावावं इतकं आवडलं मला. मग तेच सगळ्यात लहान आकारात आणलं. शिरोरेषा आणि मात्रा एकमेकांत मिसळल्या, कंदिलाचा पिवळा ठिपका झाला, आणि ते अक्षर आहे की चपलेचा अंगठा हे मला स्वतःला सांगता येईना. शेवटी मोठ्या चित्रांवर देवनागरी आणि रोमन दोन्ही, आणि लहान कॅप्सूलवर फक्त रोमन. सोबत कंदील एवढा मोठा की बोटाच्या पेराएवढ्या चित्रातही कंदीलच वाटावा. रंग दोनच ठेवले : काळा आणि हळदीचा पिवळा. यादीत वर-खाली निळे-जांभळे गेम असतात, त्यांत पिवळा पटकन उठून दिसतो.

दुकानाचं वर्णन इंग्रजीत लिहिलं, कारण स्टीमचं दुकान मराठीत चालत नाही. पण गेममधल्या भाषांच्या यादीत मराठीपुढे खूण केली. ती खूण करताना दादा मागे येऊन उभा राहिला. बोलला काही नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही गेम बनवतो त्या गोडोची चौथी आवृत्ती येण्याआधी याच माणसाने जोडाक्षरं नीट दिसावीत म्हणून रात्री जागवल्या होत्या. जुन्या आवृत्तीत ‘क्ष’चे तुकडे पडायचे.

१४ जुलै, सोमवार

गेमच्या प्रसिद्धीवर बाहेरच्या लोकांनी जे काही लिहिलंय त्यात पहिला सल्ला टिकटॉकचा असतो. आपल्याकडे ते २९ जून २०२० पासून बंद. म्हणजे सल्ल्याचं पहिलं पान फाडायचं आणि दुसऱ्यापासून सुरुवात करायची. आपल्यासाठी इन्स्टाच्या रील आणि यूट्यूब शॉर्ट्स. दोन्ही उभ्या, ९:१६.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. बाकीचे गेम आडवे असतात. उभी रील करायची तर दोन्ही बाजू कापाव्या लागतात, नाहीतर वर-खाली काळे पट्टे येतात. आपला गेम मुळातच खाली उतरण्याचा. दादाने खिडकी १०८० बाय १९२० केली, कॅमेरा थोडा मागे घेतला, आणि अख्खं पेव तोंडापासून तळापर्यंत फोनच्या पडद्यात बसलं. एक रेषा कापावी लागली नाही.

रेकॉर्डिंग गोडोच्या मूव्ही मेकर मोडने करतोय. आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर गेम आणि रेकॉर्डिंग एकत्र चालवलं की दोन्ही धापा टाकतात. या मोडमध्ये गेम सावकाश चालला तरी एकेक फ्रेम नीट लिहिली जाते आणि व्हिडिओ सलग दिसतो. फक्त त्यात खेळणाऱ्याचा हात जिवंत वाटत नाही, म्हणून हालचाली आधी नोंदवून ठेवायच्या आणि मग परत चालवायच्या. ही नोंदवायची सोय दादाने बसून केली. ‘एवढ्यात मी एक पातळी केली असती’ हेही ऐकवलं.

२२ जुलै, मंगळवार

पहिली मराठी रील चालली. हरिपूरचा रस्ता, संगम, मग गेममधलं पेव, आणि मामांचा आवाज. मामांचं आयुष्य मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत गेलं. ‘राजापुरी हळद नुसत्या वासावर सांगायची माणसं होती’ हे त्यांचं वाक्य रीलच्या सुरुवातीला टाकलं. सांगली, मिरज, तासगाव, जयसिंगपूर सगळीकडे फिरली. आईच्या भिशीच्या ग्रुपवर परत आमच्याकडेच आली, ‘बघा आपल्या सांगलीचं’ म्हणून.

विशलिस्ट जवळपास जागच्या जागी.

कारण शोधायला आकडे उघडण्याऐवजी मावसभावाच्या शेजारी जाऊन बसले. त्याला म्हटलं, ‘माझ्यासमोर विशलिस्ट कर बरं.’ त्याने रील बघितली, प्रोफाइलवर गेला, लिंक दाबली. स्टीमचं पान उघडलं ते इन्स्टाच्या आतल्याच ब्राउझरमध्ये. तिथे तो लॉगिन नव्हता. विशलिस्टचं बटण दाबलं तर नाव आणि पासवर्ड मागितला. पासवर्ड घरच्या कॉम्प्युटरवर सेव्ह केलेला. ‘ताई, घरी गेल्यावर करतो की’, म्हणाला आणि पुढची रील बघायला लागला. हा तर स्टीमचं खातं असलेला, आपला माणूस! आईच्या भिशीतल्या बायकांकडे खातं सोडा, कॉम्प्युटरही नाही.

रील बघणाऱ्याच्या हातात फोन असतो आणि गेम असतो कॉम्प्युटरवर. ही दरी चांगल्या रीलने भरत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

त्यावरून पोस्टचे दोन ढीग केले. घरच्या आणि बाहेरच्या.

घरच्या पोस्ट मराठीत. सांगलीकरांसाठी, हळदीच्या माणसांसाठी, बाहेरगावी गेलेल्या आपल्या पोरांसाठी. त्यांत विशलिस्टचं नावसुद्धा काढायचं नाही. ज्याला ते करता येत नाही त्याच्याकडे मागून काय उपयोग, उगाच त्याला ओशाळं वाटतं. त्यांच्याकडे मागायचं ते त्यांच्याजवळ आहे ते : आठवणी, जुने फोटो, ‘असं नव्हतं, तसं होतं’.

बाहेरच्या पोस्ट कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसासाठी. रेडिट, एक्स, डिस्कॉर्ड. त्या पोस्टमध्ये इतिहास नाही, गावाचं कौतुक नाही. फक्त खेळाचा एक क्षण. दिसल्या दिसल्या कळलं पाहिजे की इथे खेळणारा काय करतो आणि त्यात जीव का वर-खाली होतो. वेळ आपली संध्याकाळ सातच्या पुढे, कारण तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि माणसं कॉम्प्युटरसमोर असतात. शनिवारी एक्सवर ‘स्क्रीनशॉट सॅटर्डे’चा हॅशटॅग. तिथे मात्र बघणारे बहुतेक गेम बनवणारेच. एकमेकांच्या अंगणात सडे घालण्याचा प्रकार, पण शिकायला मिळतं.

रेडिटवर प्रत्येक गटाचे नियम वेगळे. काही ठिकाणी स्वतःच्या गेमची पोस्ट चालते, काही ठिकाणी आधी इतरांच्या पोस्टवर बोललेलं असावं लागतं, काही ठिकाणी लिंक दिसली की उडवतात. गोडोच्या गटात गेम विकायला गेलात तर कुणी विचारत नाही. पण ‘खोली वाढेल तशी कंदिलाची ज्योत बारीक कशी केली’ हे शेडरसकट, म्हणजे उजेड-रंग ठरवणाऱ्या कोडसकट, दाखवलं की माणसं थांबतात, आणि मग विचारतात, ‘हा गेम कुठला?’ विचारल्यावर नाव सांगायला कुणाची ना नसते.

लिंकांना आता शेपूट जोडतेय, म्हणजे कुठल्या पोस्टवरून किती जण आले आणि त्यांतल्या किती जणांनी विशलिस्ट केली ते स्टीमच्या अहवालात वेगवेगळं दिसतं. इन्स्टाला मात्र लिंकपेक्षा ‘स्टीमवर नाव शोधा’ हेच बरं. माणूस घरी जाऊन शोधतो. जुलैत नावावरून घातलेला वाद कारणी लागला.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. दादाला राखी बांधून झाल्यावर ओवाळणीत काय मागितलं? खोलीचा मीटर काढून टाक.

झालं असं. परवाच्या घरच्या रीलमध्ये पेवात कंदील सोडताना पडद्याच्या कोपऱ्यात फूट मोजणारा आकडा पळताना दिसतो. त्याखाली एका आजोबांची कमेंट आली, सगळी मराठीत, एकही विरामचिन्ह नसलेली. मथितार्थ असा : आमचे वडील हमाल होते, त्यांच्या कंदिलाच्या दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असायच्या. दोरी सोडताना गाठी तळहाताला लागायच्या त्यावरून किती खाली गेला ते कळायचं. बघायला लागत नव्हतं, तुमचा आकडा कशाला.

मी मामांना फोन करून विचारलं. ‘प्रत्येकाची आपापली पद्धत होती पोरी, पण हे बरोबर वाटतंय बघ’, म्हणाले.

दादाला सांगितलं तर आधी वैतागला. मीटर काढायचा म्हणजे खेळणाऱ्याला खोली कळणार कशी? मग जेवता जेवता त्याचंच त्याला सुचलं. दोरीची गाठ हातातून सरकली की आवाज, आणि कंट्रोलर असेल तर हाताला बारीक धक्का. खेळणाऱ्याने मोजायचं. मोजायला चुकला तर कंदील तळावर आपटणार. पुरणपोळीचा तुकडा हातात तसाच धरून तो खोलीत गेला.

मैत्रिणीला गाठीचा आवाज हवा म्हटलं. ती मिरजेत सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीतच वाढलेली. तिने सुंभाची दोरी सतारीच्या रिकाम्या भोपळ्याच्या कडेवरून ओढली. आवाज असा आला की पेव आत पोकळ आहे हे न बघता कळतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काम थंड. सगळ्यांचे डोळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. सांगलीत शेंबड्या पोरालाही हे आकडे पाठ. २०१९ आणि २०२१ बघितलेल्या माणसाला कोयनेचा विसर्ग किती हे गेमच्या विशलिस्टपेक्षा महत्त्वाचं. हार्ड डिस्क आणि लॅपटॉप विश्रामबागला मामांच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले. पुराचं पाणी दाखवून रील करायची नाही, असं आमचं तिघांचं ठरलेलं आहे. पूर गेममध्ये आहे, त्याच्या जागी आहे. पण नदी चढत असताना त्यावर लोकांची नजर खेचून घ्यायची नाही.

दुसरी बातमी दिल्लीची. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक काल लोकसभेत आणि आज राज्यसभेत मंजूर झालं. पैसे लावून खेळायचे गेम बंद. संध्याकाळी शेजारचे काका गेटावर : ‘काय गं, तुमचा धंदा बंद झाला म्हणे?’ त्यांना समजावलं की काका, ते रमीवाले, आमच्यात कुणी पैसे लावत नाही. ‘मग मिळणार काय तुम्हाला?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न आणि तो रास्त होता.

विनोद सोडला तर हा गोंधळ प्रसिद्धीला खरंच आडवा येतो. गेल्या काही वर्षांत ‘गेम’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नट रमीची जाहिरात करताना येतो. मागच्या महिन्यात एका ठिकाणी थोडे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांपर्यंत न्यावी म्हटलं, तर जाहिरात जुगाराच्या खात्यात टाकून नाकारली. दाद मागितली, यंत्राने उत्तर दिलं, विषय संपला. तेव्हापासून मराठी पोस्टमध्ये एक ओळ कायम : ‘एकदा विकत घ्यायचा, घरी बसून खेळायचा, यात पैसे लावायचे नाहीत, इंटरनेटही लागत नाही.’ नीरस ओळ आहे, पण आया-बापांचे प्रश्न तिथेच थांबतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

पाण्याची बातमी बरी आहे. लॅपटॉप परत आणले.

डेमो ४ सप्टेंबरला सोडायचा ठरला होता. परवा जाहीर झालं की ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ त्याच दिवशी येतोय. २०१९ पासून जग ज्याची वाट बघतंय तो गेम, बनवणारी टीम ऑस्ट्रेलियातली, जेमतेम तीन माणसांची. दोन दिवसांत कितीतरी छोट्या गेमवाल्यांनी आपल्या तारखा पुढे ढकलल्या. आपणही ढकलली. हत्ती चौकातून जात असताना आपली सायकल बाजूला घेण्यात कमीपणा नाही. नवी तारीख १२ सप्टेंबर. गणपती २७ला बसतायत आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, त्यामुळे घरच्या प्रेक्षकालाही तोवर उसंत नाहीच. मंडळाच्या देखाव्यात पेव करायचं का, अशी विचारणा एका मंडळाकडून आली. दादा हुरळला होता. पण देखाव्यासाठी लागणारं काम आणि डेमोचं काम एकाच पंधरवड्यात येतं. पुढच्या वर्षी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

डेमो बाहेर. ज्यांनी विशलिस्ट केली आहे त्यांना डेमो आल्याची खबर पाठवायचं बटण स्टीमने दिलंय. ते दाबायच्या आधी दादाने मुद्दाम देवाला नमस्कार केला आणि मी तो रेकॉर्ड केला, पण टाकू देईना.

बाहेरची क्लिप आज रात्री टाकली. अशी आहे : काळा पडदा, वरून दोरी, कंदील खाली जातोय. पडद्यावर एकही आकडा नाही, एकही बटण नाही, नाव नाही. गाठ, आवाज. गाठ, आवाज. गाठ, आवाज. मग ज्योत निळसर होते, बारीक होते आणि विझते. पूर्ण अंधार. अंधारात खालून, फार खोलवरून, दुसऱ्या दोरीच्या गाठीचा आवाज. क्लिप संपली.

घरच्या पोस्टवर एका आजोबांनी हटकलं म्हणून मीटर गेला, आणि मीटर गेला म्हणून या क्लिपमध्ये वाचायला काही उरलं नाही. कुठल्याही भाषेच्या माणसाला कळते. दोन ढिगांचा हिशेब वेगळा ठेवायचा म्हणून मी ते केले होते. एकातून दुसऱ्याला माल मिळेल हे डोक्यातही नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

क्लिप पळतेय. रेडिटवर पोर्तुगीज, तुर्की, जपानी माणसं. ‘खाली दुसरा कोण आहे’ यावर त्यांची आपापसात भांडणं. मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. शेपटीच्या अहवालात या एका पोस्टने आधीच्या सगळ्या मिळून दिल्या त्याहून जास्त विशलिस्ट दिल्या.

एकाने विचारलं की यूआय, म्हणजे पडद्यावरची बटणं-आकडे, का नाही. गाठींची गोष्ट सांगितली, आजोबांच्या कमेंटचं भाषांतर टाकलं, त्यांचं नाव न देता. ते उत्तर मूळ पोस्टएवढंच वाचलं गेलं. म्हणजे इतिहास बाहेरच्यांना नको असतो असं नाही. आधी हात दोरीला लागला पाहिजे, मग ते स्वतः विचारतात.

आजोबांना त्यांच्या कमेंटखाली कळवलं. त्यांचं उत्तर : ‘गाठीचं अंतर कमी करा एवढ्या जवळ मारत नव्हते’.

अंतर वाढवायचं की कमी करायचं, हे त्या वाक्यावरून दोन्हीकडून निघतं. दादा म्हणाला, फोन नंबर घे की त्यांचा. मुलीकडून मेसेज करतात असं कळलं. पुढच्या रविवारी हरिपूरला जायचंय.

२० सप्टेंबर, शनिवार

‘हे एआयने केलंय’ ही कमेंट आली. येणारच होती. वाद घालण्यात अर्थ नाही. चित्र काढतानाचा पडद्याचा व्हिडिओ माझा नेहमी चालू असतो, त्यातून पेवाच्या भिंतीचा भाग भराभर चालवून टाकला : कोरी रेघ, खोडलेली रेघ, परत रेघ. स्टीमवर एआयचा वापर असेल तर तो पानावर जाहीर करावा लागतो. आपल्या पानावर तसं काही नाही, कारण नाहीच. गंमत म्हणजे तो व्हिडिओ घरच्या ढिगात जास्त चालला. चित्रकलेच्या परीक्षा देणाऱ्या पोरी विचारतायत, कुठला पेन आणि कुठला ब्रश.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

क्लिप फिरल्यापासून मेलांचा पाऊस. ‘आम्ही मोठे स्ट्रीमर आहोत, पाच की पाठवा.’ बहुतेक सगळे लबाड. की म्हणजे गेम फुकट उघडणारा कोड, तो घेऊन विकतात. ओळखायची पद्धत : मेल ज्या पत्त्यावरून आला तो त्या यूट्यूब चॅनलच्या माहितीत दिलेलाच पत्ता आहे का, ते बघायचं. एका अक्षराचा फरक असतो. आणि सगळ्यांना एकच उत्तर : डेमो फुकट आहे, आत्ता उतरवून खेळा. खरा खेळणारा खेळतो. लबाड परत लिहीत नाही.

मराठी गेमिंग चॅनल बहुतेक बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमवर चालतात. त्यांच्या प्रेक्षकाला शांत अंधारात दोरी सोडत बसायला सांगणं म्हणजे कबड्डीच्या मैदानात बुद्धिबळाचा पट मांडण्यातला प्रकार. तरी एका पोराने भयपट म्हणून खेळला, पहिल्या अंधारात ‘आई गं!’ म्हणून ओरडला. ते दोन सेकंद त्याच्या परवानगीने आमच्या रीलमध्ये.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. शस्त्रपूजनात लॅपटॉप, टॅब्लेट आणि सुंभाची दोरी.

ट्रेलर पक्का केला. सुरुवातीला आमच्या टीमचं बोधचिन्ह होतं, ते शेवटी नेलं. पानावर येणारा माणूस पहिल्या काही क्षणांत गेम बघायला आलेला असतो, आमची ओळख करून घ्यायला नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज रात्री साडेदहाला स्टीम नेक्स्ट फेस्ट सुरू झाला. आठवडाभराचा डेमोंचा मेळा. एका गेमला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो, म्हणून जूनचा सोडून ऑक्टोबर धरला होता. सुरुवातीला सगळ्यांना थोडी थोडी जागा मिळते. पुढे लोक कशावर थांबतात त्यावरून स्टीम ठरवतं कुणाला पुढे करायचं. म्हणून बाहेरच्या ढिगातलं जे जपून ठेवलं होतं ते या आठवड्यासाठी.

आजचं पोस्टिंग : क्लिपचा दुसरा भाग. कंदील परत पेटवून खाली सोडला आहे. या वेळी गाठी मोजताना एक गाठ जास्त येते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पानावर थेट प्रक्षेपण लावलंय. दादा खेळतो, मी बोलते. फराळाची भाजणी चालू असल्यामुळे मागून आईचा आवाज : ‘अगं, चकलीचा सोऱ्या कुठे ठेवलास?’ कुणीतरी विचारलं, हा गेममधला आवाज आहे का. ब्राझीलच्या एका प्रेक्षकाला सोऱ्या दाखवला.

डेमोचा अहवाल महत्त्वाचा वाटला. बरेच जण तिसऱ्या पेवापाशी सोडतात. तिथलं कोडं हिशेबाच्या पानावरचे मराठी आकडे ओळखण्याचं आहे. मराठी माणसाला ते कोडंच वाटत नाही, आणि बाहेरच्याला ५ आणि ६ एकाच माणसाची दोन सोंगं वाटतात. दादाने रात्रीत आधीच्या पेवात दहा आकडे भिंतीवर आणले, प्रत्येकाखाली तेवढ्या गाठी. आकडे बदललेले नाहीत, शिकवले. दुसऱ्या दिवशीपासून माणसं पुढे जायला लागली.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे अभ्यंगस्नान, रात्री साडेदहाला फेस्ट संपला. विशलिस्ट फेस्टच्या आधी जिथे होती तिथून चांगली वर. भरमसाट नाही. दोन-तीन मोठ्या डेमोंनी सगळा उजेड घेतला, ते दर वेळी होतं. पण उतरवून खेळलेले आणि नंतर विशलिस्टही केलेले यांचं प्रमाण आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरं आहे. दादाने पहिल्यांदाच अहवाल स्वतः उघडून बघितला.

३ नोव्हेंबर, सोमवार

पुढचं ठरलं ते असं.

गेम मार्चमध्ये. मार्केट यार्डात तेव्हा नव्या हळदीचे सौदे जोरात असतात. घरच्या पोस्टसाठी रोज ताजा माल मिळेल, आणि मामा म्हणतायत, एका सौद्याला मी तुला घेऊन जातो, कॅमेरा मात्र लांब ठेव, व्यापारी बिथरतात.

मोबाइलवर आणायचा का, हा भिशीच्या ग्रुपवरचा सगळ्यात जुना प्रश्न. पहिलं पेव तेवढं फुकट, अँड्रॉइडवर, मराठीत. गूगल प्लेचं खातं २५ डॉलरला, एकदाच. नव्या वैयक्तिक खात्याला आधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. बाहेर लोक हे बारा जण शोधत फिरतात. आम्ही आईला विचारलं. भिशीत त्याहून जास्त बायका आहेत आणि चौदा दिवस रोज उघडायचं हे त्यांना हप्त्यासारखं सांगितलं की काम झालं. पहिलीने काल उघडलं. तिचा अभिप्राय : ‘कंदील छान आहे, पण वात वर करायची सोय कुठाय?’

वात वर करायची सोय नाही. दादा लिहितोय.